घराच्या किमतीतलं व्याज

‘म्हाडाला सरकार दरवर्षी किती पैसे देतं हो?’ नातेवाइकांत, सोसायटीच्या सभेत, बँकेच्या रांगेत, नोकरीभर हा प्रश्न मला विचारला गेला. विचारणाऱ्याने उत्तर मनाशी धरलेलंच असायचं. सरकारी मंडळ आहे म्हणजे सरकारी पैसा असणार, मग घरं इतकी महाग का, असा त्यामागचा सूर. ऐंशीचं दशक संपता संपता मी गृहनिर्माण मंडळाच्या लेखा शाखेत कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले आणि लेखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. मधली सगळी वर्षं कॅशबुक, देयकं आणि किंमत निश्चितीच्या तक्त्यांत गेली. त्या अनुभवावरून माझं उत्तर असं आहे: सरकार रोख पैसा फार थोडा देतं. जमीन देतं, कर्जाला थकहमी देतं, जादा चटईक्षेत्र देतं, ठरावीक योजनांत घरामागे ठरावीक अनुदान देतं. बाकीचा पैसा घर घेणाऱ्यांच्या खिशातून येतो. आणि सरकारचा जो थोडा पैसा येतो, त्याच्या रकमेइतकंच तो कधी येतो यालाही महत्त्व असतं. यातला दुसरा मुद्दा फारसा कोणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

माझं पहिलं टेबल भाडे-खरेदीच्या हप्त्यांचं होतं. कन्नमवार नगर, टिळक नगर, पंत नगर, नेहरू नगर या वसाहतींची नावं मुंबईकराला बसच्या पाट्यांवरून ठाऊक असतात. मला ती जाडजूड खातेवह्यांवरून ठाऊक झाली. एका गाळ्याला एक पान, पानावर महिन्यामहिन्याचे हप्ते, आणि कडेला लाल शाईत थकबाकी. या वसाहती उभ्या राहिल्या तेव्हाची व्यवस्था आजच्यापेक्षा अगदी वेगळी होती. मुंबई गृहनिर्माण मंडळ १९४९ मध्ये सुरू झालं. १९५२ मध्ये केंद्रानं औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना आणली. तिच्यात राज्यांना आणि मंडळांना निम्मा खर्च अनुदान म्हणून मिळे, निम्मा दीर्घ मुदतीचं कर्ज म्हणून. १९५४ मध्ये अल्प उत्पन्न गटासाठी कर्जाची योजना आली, आणि त्या दशकाच्या अखेरीस मध्यम उत्पन्न गटासाठी आयुर्विमा महामंडळाचा पैसा घरांकडे वळला. गिरणीत किंवा कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला पक्कं घर मिळालं ते या निम्म्या अनुदानामुळे. मात्र भाडं ठरवताना डागडुजीचा, पाण्याच्या पंपाचा, पुढच्या पन्नास वर्षांचा खर्च पुरेसा धरलेला नव्हता. भाड्यातून तो निघेना, तेव्हा घरं हळूहळू भाडेकरूंच्याच नावावर करून देण्यात आली. मंडळाच्या वहीतून एकेक गाळा वजा होत गेला, त्या नोंदी मी स्वतः केल्या आहेत. पन्नासच्या दशकात बांधलेली घरं त्याच कुटुंबांची झाली याचा मला आनंदच आहे. फक्त इतकं की, पुढच्या पिढीच्या कामगाराला भाड्यानं देण्यासाठी मंडळाकडे मग घरं उरली नाहीत.

१९७६ च्या कायद्यानं मुंबई आणि विदर्भाची गृहनिर्माण मंडळं, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं मंडळ आणि झोपडपट्टी सुधार मंडळ एकत्र आली आणि १९७७ च्या डिसेंबरात म्हाडा, म्हणजे महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, जन्माला आली. वांद्र्याच्या गृहनिर्माण भवनात एका छताखाली सगळी बसली, तरी पैशाचे झरे वेगवेगळेच राहिले. दुरुस्ती मंडळाचं उदाहरण घ्या. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठली आणि घरमालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये कायदा करून त्यांच्यावर उपकर बसवला. महापालिका तो मालमत्ता कराबरोबर वसूल करते, सरकार त्यात आपली भर घालतं आणि त्यातून दुरुस्ती होते. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. उपकराची रक्कम जुन्या करपात्र मूल्याला बांधलेली आणि सिमेंट-लोखंड आजच्या भावाचं. अशानं दर चौरस मीटरला जी खर्चमर्यादा ठरते ती सतत अपुरी पडते, आणि मर्यादेपलीकडचा खर्च रहिवाशांनी भरायचा असतो. टेकू लावलेल्या जिन्यावरून चढताना तुम्हाला जे दिसतं, ते आमच्या वहीत या दोन आकड्यांमधली दरी म्हणून दिसायचं.

घरांसाठी कर्ज देणारी केंद्र सरकारची हुडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि मंडळांना कर्जाचा हक्काचा दरवाजा मिळाला. तिच्या कर्जांची एक गोष्ट मला मनापासून पटायची. घर जितकं गरिबाचं, तितका व्याजाचा दर कमी आणि परतफेडीची मुदत लांब. वरच्या गटाच्या घरांवर ती जादा दर लावी. राज्य सरकार थकहमी देई. मंडळानं हप्ता चुकवला तर तो सरकार भरेल, असा त्या कागदाचा अर्थ. सरकारच्या तिजोरीतून त्या दिवशी एक रुपयाही जात नाही, पण सरकारच्या शब्दावर पैसा स्वस्त होतो. नव्वदच्या दशकात हुडकोलाही बाजारातून पैसा उभारावा लागला तसे तिचे दर बाजाराच्या जवळ सरकले.

त्याच सुमारास मी चारकोप-गोराईच्या कामावर आले. जागतिक बँकेच्या मदतीनं १९८५ मध्ये सुरू झालेला मुंबई नागरी विकास प्रकल्प तेव्हा चालू होता, आणि मी जे काही शिकले त्यातलं बरंचसं त्याच प्रकल्पाच्या फायलींत शिकले. कल्पना साधी होती. बांधलेलं घर द्यायचं नाही. आखलेला भूखंड, रस्ता, पाणी, मलनिःसारणाची जोडणी द्यायची. घर ज्याचं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवत न्यायचं. चारकोपला सुमारे ३५ कुटुंबांची एकेक सहकारी संस्था, मधोमध अंगण, भोवती २५-४० चौरस मीटरांचे छोटे भूखंड. त्याच आखणीत मोठे भूखंड मध्यम आणि उच्च उत्पन्न गटासाठी, दुकानांसाठी, छोट्या उद्योगांसाठी राखलेले. ते बाजारभावानं विकायचे आणि तो नफा गरिबाच्या भूखंडाच्या किमतीत वळता करायचा. हिशेबाच्या भाषेत याला आम्ही अंतर्गत अनुदान म्हणत असू.

माझं काम परताव्याच्या दाव्यांचं होतं. जागतिक बँक आगाऊ पैसे हातात ठेवत नसे. आधी मंडळानं खर्च करायचा, मग खर्चाचं विवरणपत्र करून पाठवायचं, तपासणी व्हायची, आणि केंद्रातून राज्यात, राज्यातून मंडळात अशी रक्कम यायची. एका विवरणपत्रात रस्त्याच्या कामाची, गटाराची, पाइपांची शेकडो देयकं. प्रत्येकाचा मोजमाप पुस्तिकेचा क्रमांक आणि पान लिहिलेलं हवं. एक क्रमांक चुकला तर सगळा गठ्ठा परत. साहेब म्हणायचे, ‘ह्या कागदावर पाण्याची लाइन चालतेय, नीट बघ.’ ते अक्षरशः खरं होतं. परतावा लांबला की ठेकेदाराचं देयक लांबायचं, आणि देयक लांबलं की भूखंड ताब्यात घेऊन बसलेल्या कुटुंबाच्या नळाला पाणी यायचं लांबायचं. आज चारकोपला गेलं की त्या छोट्या भूखंडांवर दुमजली घरं दिसतात, तळमजल्यावर किराणा, शिवणकाम, शिकवण्या. मुंबईत गरिबाच्या घरासाठी वापरलेला सरकारी पैसा याहून चांगला कुठे लागलेला मी पाहिलेला नाही, आणि हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे.

पण चारकोपची युक्ती चालली याचं कारण मुंबईची जमीन. नंतर माझी बदली म्हाडाच्या मुंबईबाहेरच्या एका प्रादेशिक मंडळात झाली आणि तिथे हे कारण लख्ख कळलं. मुंबईत मोठा भूखंड विकला की दहा छोट्यांचा भार हलका होतो. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या तालुक्याच्या गावी मोठ्या भूखंडाला तसा भाव येतच नाही. श्रीमंताच्या घरातून गरिबाच्या घराला पैसा मिळायला आधी तितका श्रीमंत गिऱ्हाईक लागतो. तिथे जमीन स्वस्त, पण सिमेंट, सळई, मजुरी मुंबईच्या जवळपासच्याच दरानं. म्हणजे जिथे लोकांची मिळकत कमी तिथे अंतर्गत अनुदानही कमी. जमिनीच्या जिवावर घरं बांधण्याचं धोरण महाराष्ट्रभर सारखं चालवता येत नाही. तिथे अर्थसंकल्पातला पैसाच लागतो.

तो पैसा कसा येतो, ते जरा तपशिलानं सांगते. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात घरांचा खर्च तीन मुख्य लेखाशीर्षांखाली सापडतो. २२१६ म्हणजे महसुली खर्च, यात अनुदानं येतात. ४२१६ म्हणजे भांडवली खर्च. ६२१६ म्हणजे घरांसाठी दिलेली कर्जं. विधिमंडळानं मार्चमध्ये तरतूद मंजूर केली म्हणजे पैसा आला असं नसतं. तरतुदीनंतर वित्त विभागाची संमती, मग गृहनिर्माण विभागाचा शासन निर्णय, मग बीम्स या संगणक प्रणालीवर निधी वितरित होणं, मग कोषागारात देयक, मग मंडळाच्या खात्यात रक्कम. यातली एकही पायरी अनावश्यक आहे असं मी म्हणणार नाही. जनतेचा पैसा आहे, तो तपासूनच सुटला पाहिजे. पण तरतुदीतली मोठी रक्कम वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात सुटते, हे आमच्या शाखेतल्या प्रत्येकाला पाठ होतं. ३१ मार्चच्या रात्री घरी जेवायला येणार नाही हे मी सासूबाईंना होळीलाच सांगून ठेवायची. रात्री उशिरा प्रणालीवर रक्कम दिसायची, देयक तयार असायचं, कोषागारात माणूस बसवलेला असायचा. आणि ज्या कामासाठी ती रक्कम आली, त्याचा स्लॅब गेल्या दिवाळीतच पडलेला असायचा. मधले महिने मंडळानं कुठून तरी काढलेले असत, आणि त्या ‘कुठून तरी’ला व्याज असतं.

प्रधानमंत्री आवास योजनेची शहरांसाठीची घोषणा २५ जून २०१५ ला झाली. भागीदारीतल्या परवडणाऱ्या घरांना आर्थिक दुर्बल घटकासाठी केंद्राचे १.५ लाख आणि महाराष्ट्राचा १ लाख, मिळून घरामागे अडीच लाख. आकडा चांगला आहे. पण तो एकरकमी येत नाही. केंद्राचा वाटा ४०, ४० आणि २० टक्के अशा तीन हप्त्यांत येतो. पुढचा हप्ता हवा तर मागच्याचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, कामाची भौगोलिक खूण लावलेली छायाचित्रं चढवायची, आणि शेवटचे २० टक्के घर पूर्ण झाल्यावर. मंडळापुढचा प्रश्न असा की ठेकेदाराला पैसे आधी द्यावे लागतात, लाभार्थ्याचं बँककर्ज टप्प्याटप्प्यानं येतं, आणि अनुदान सगळ्यांच्या मागून. ही मधली पोकळी मंडळाच्या ठेवींतून किंवा कर्जातून भरायची. ज्या मंडळाकडे ठेवी आहेत ते भरतं. ज्याच्याकडे नाहीत त्याचं काम रेंगाळतं.

किंमत निश्चितीच्या तक्त्यात ही रेंगाळणी दिसते. तक्ता एका पानाचा असतो. जमिनीची किंमत, बांधकाम, रस्ते-पाणी-वीज, सल्लागारांचं शुल्क, पर्यवेक्षण, आकस्मिक खर्च, आणि खालच्या बाजूला एक ओळ: बांधकाम कालावधीतील व्याज. जमिनीचा आकडा सरकारी दरानं ठरतो, बांधकामाचा निविदेनं. व्याजाच्या ओळीला मात्र असा काही आधार नसतो. काम जितके महिने लांबेल तितकी ती वाढते. एका प्रकल्पात इमारती उभ्या होत्या, रंग झाला होता, पण मुख्य जलवाहिनी तिथपर्यंत आणायचं काम एका नगरपालिकेच्या मंजुरीत अडकलं. भोगवटा प्रमाणपत्र नाही, म्हणून ताबा नाही. ताबा नाही, म्हणून लाभार्थ्यांचे शेवटचे हप्ते नाहीत. घर पूर्ण धरलं जात नाही, म्हणून केंद्राचे शेवटचे २० टक्के नाहीत. मंडळानं गुंतवलेल्या पैशावर मात्र व्याज चालू.

त्या प्रकल्पातली एक लाभार्थी बाई माझ्या टेबलापाशी आली होती. खानावळीत पोळ्या करायची, हातावर तव्याचे जुने डाग. सोडतीत नाव लागलेलं, देकारपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न मोडता ठेवलेलं. बँकेनं पगाराचा कागद मागितला होता आणि तिच्याकडे पगाराचा कागद नव्हता. ती तक्रार करायला आली नव्हती. म्हणाली, ‘मॅडम, ह्यात सरकारचं किती आन माझं किती, तेवढं सांगा. घरी विचारत्यात.’ मी म्हटलं, ‘बसा ताई,’ आणि तक्त्याची प्रत समोर ठेवून ओळ ओळ वाचून दाखवली. तिनं बोट व्याजाच्या ओळीवर ठेवलं. ‘हे कशाचं?’ मी सांगितलं, काम लांबलं त्याचं. ‘मग हे मी का द्यायचं?’ तक्त्याप्रमाणे उत्तर होतं, कारण किंमत ना नफा ना तोटा या तत्त्वावर ठरते आणि झालेला खर्च किमतीत येतो. मी ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पण तिचा प्रश्न बरोबर होता, आणि त्यानंतर प्रत्येक तक्त्यावर सही करताना मी ती ओळ पहिल्यांदा वाचायची. मंडळाच्या बैठकीत ती ओळ कमी करण्यासाठी भांडायचीसुद्धा. काही वेळा मंडळानं स्वतःच्या ठेवींतून तो भार उचललाही.

ती ओळ किती मोठी असू शकते, त्याचा हिशेब सोपा आहे. समजा, एका घरात मंडळाचे ४ लाख रुपये अडकले आहेत आणि काम ठरल्यापेक्षा दोन वर्षं लांबलं. ९ टक्के सरळ व्याजानं ७२,००० रुपये होतात. केंद्रानं त्याच घराला दिलेल्या दीड लाखाचा जवळजवळ निम्मा भाग या दोन वर्षांनी खाल्ला. अनुदान कागदावर पूर्ण मिळालं, लाभार्थ्याच्या पदरात निम्मंच पडलं. आता व्याजाची दुसरी बाजू पाहा. ६ लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतलं तर महिन्याचा हप्ता सुमारे ५,४०० रुपये. तेच ६ टक्क्यांनी मिळालं तर सुमारे ४,३००. पोळ्या करणाऱ्या बाईला महिन्याचे अकराशे रुपये म्हणजे मुलाच्या शाळेचा खर्च. म्हणून मी नेहमी म्हणत आले की सरकारनं गरिबाच्या घरात दोन पद्धतींनी पैसा घालावा: वेळेवर, आणि स्वस्त. अनुदानाचा आकडा वाढवणं त्याच्या नंतरचं.

करांचा विषय थोडक्यात. पूर्वी गृहनिर्माण मंडळांना प्राप्तिकर कायद्याच्या कलम १०(२०अ) खाली सूट होती. ती २००३ पासून गेली आणि मंडळाच्या लेखा शाखांची बरीच ताकद करनिर्धारणाच्या नोटिसांना उत्तरं देण्यात आणि अपिलं लढण्यात जाऊ लागली. याउलट परवडणाऱ्या घरांवरचा वस्तू व सेवा कर २०१९ पासून १ टक्का झाला, आणि आवास योजनेतल्या लहान घरांच्या पहिल्या दस्ताला महाराष्ट्रानं मुद्रांक शुल्क १,००० रुपयांवर आणलं. हे दोन्ही निर्णय मी आदर्श मानते, कारण त्यांचा फायदा कुठल्याही हप्त्यात न अडकता त्याच दिवशी थेट घर घेणाऱ्याला मिळतो.

जमिनीच्या जोरावर उभं राहणारं सध्याचं एक मोठं काम म्हणजे बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींचा पुनर्विकास. या चाळींची पैशाची गोष्ट शंभर वर्षांची आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० नंतर, सरकारनं खास विकास कर्ज उभारलं आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीवर रुपयाची पट्टी बसवली. ५०,००० खोल्यांचा बेत होता, १६,००० च्या आसपास बांधून झाल्या. खर्च अंदाजापेक्षा फार वाढला, त्या मानानं भाडं जास्त झालं, आणि घरांची एवढी टंचाई असताना कितीतरी खोल्या सुरुवातीला रिकाम्या राहिल्या. आज वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या १९५ चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं घर विनामूल्य, आणि सगळा खर्च विक्रीच्या इमारतींतून. यात म्हाडा स्वतः विकासक आहे, खासगी बिल्डर नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ ला चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या लोकांच्या हातात त्या चाव्या पाहून मला भरून आलं. लेखाधिकारी म्हणून मात्र एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. खर्च आज आणि विक्री नंतर. विक्रीच्या वेळी बाजार पडला तर तो फरक म्हाडाच्या ठेवींतूनच जाईल, आणि त्या ठेवींवर राज्यातल्या बाकीच्या मंडळांची घरंही अवलंबून आहेत.

या ठेवींबद्दल बाहेर नेहमी आश्चर्य व्यक्त होतं. गरिबांसाठीच्या संस्थेकडे एवढ्या मुदतठेवी कशाला, असं म्हणतात. सोडतीतल्या घरांच्या रकमा, पुनर्विकासातल्या जादा चटईक्षेत्राचं अधिमूल्य, भूखंडांची विक्री, असं करत ती शिल्लक जमते. वाचकांनी लक्षात घ्यावं, सरकारचा हप्ता उशिरा येतो तेव्हा काम थांबू नये म्हणून हाच पैसा वापरला जातो. या शिल्लकेवर इतर खात्यांची नजर असते. समृद्धी महामार्गासाठी राज्यानं आपल्या वेगवेगळ्या महामंडळांच्या शिल्लक निधीतून पैसा उभारला, त्यात म्हाडाचाही वाटा होता. महामार्ग हवाच. पण घरांसाठी जमलेला पैसा रस्त्याला गेला की ज्या मंडळांना स्वतःची ठेव नाही त्यांच्या कामांची पोकळी भरायला काही उरत नाही. अधिमूल्याबद्दलही माझं मत ठाम आहे. जुन्या वसाहतीच्या पुनर्विकासात विकासकानं म्हाडाला पैसे द्यावेत की बांधलेली घरं, यावर धोरण कधी इकडे कधी तिकडे झुकलं. माझ्या मते घरंच घ्यावीत. पैसा दुसरीकडे वळवता येतो, घर वळवता येत नाही. २०२४ च्या मुंबईच्या सोडतीत २,०३० घरांसाठी एक लाखाहून जास्त अर्ज आले. ज्या शहरात घरं इतकी कमी आहेत तिथे घरांऐवजी रोख रक्कम स्वीकारणं मला कधीच पटलं नाही.

निवृत्तीच्या आसपास मी सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर पाहायला मुद्दाम गेले. विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, शिवणकाम करणारे अशा असंघटित कामगारांची ३०,००० घरांची वसाहत. कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या संघटनेनं त्याआधी गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार स्त्रियांची १०,००० घरं उभी केली होती. त्या अनुभवावर हे दुसरं काम उभं राहिलं. १९ जानेवारी २०२४ ला पहिली १५,००० घरं पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, बाकीचं कामगाराचं. मी तिथे घरांपेक्षा कागद जास्त पाहिले. विडी वळणारीकडे पगारपत्रक नसतं, तेव्हा तिच्या कर्जासाठी सामूहिक खटपट लागते. रस्ते, पाणी, सांडपाणी यांसाठी स्वतंत्र सरकारी निधी लागतो, कारण घराच्या अनुदानात ते बसत नाही. यातली प्रत्येक गोष्ट संघटनेनं मोर्चे काढून, मंत्रालयात खेटे घालून, वर्षानुवर्षं रेटली. मुंबईसारखी जमिनीची किंमत हाताशी नसताना घरं होऊ शकतात, हे रे नगरनं दाखवलं. त्यासाठी सरकारचा पैसा मागे लागून मिळवावा लागला, हेही दाखवलं. ज्या गावात अशी संघटना नाही, आडम मास्तर नाहीत, तिथल्या पोळ्या करणाऱ्या बाईनं काय करायचं?

माझी मागणी जुनी आहे आणि ती मी नोकरीत असतानाही लेखी मांडलेली आहे. राज्यानं ६२१६ खाली प्रादेशिक मंडळांसाठी कमी व्याजाचा एक फिरता निधी ठेवावा. अनुदानाचा हप्ता येईपर्यंत काम त्यातून चालावं, हप्ता आला की रक्कम निधीत परत जावी. पाणी आणि रस्त्याची तरतूद इमारतीच्या प्रशासकीय मान्यतेबरोबरच व्हावी. काम सरकारी यंत्रणेमुळे लांबलं तर त्या काळाचं व्याज लाभार्थ्याच्या किमतीत धरू नये, असा शासन निर्णय निघावा. यासाठी फार मोठी रक्कम लागत नाही, कारण निधी फिरत राहतो.

पुढच्या मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला जाईल तेव्हा किती लाख घरांची घोषणा झाली ते वर्तमानपत्रांत येईलच. तुम्ही एवढंच करा. तुमच्या आमदारांना एक पत्र लिहा आणि विचारा, २२१६, ४२१६ आणि ६२१६ या लेखाशीर्षांखाली गेल्या वर्षी किती तरतूद होती, त्यातली किती रक्कम सुटली, आणि कोणत्या महिन्यात सुटली. उत्तर लेखी मागा.